पंख असून उडत का नाहीत? : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण पट्टकदंब हंसांबद्दल लिहिलं होतं, ते हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या उजनी-जायकवाडीपर्यंत कसे येतात ते. त्यावर कौतुकाची पत्रं येतील असं वाटलेलं, आले ते सगळे उलटे प्रश्न, म्हणजे हे एवढं उडतात ते ठीक पण जे उडत नाहीत त्यांचं काय. मग या वेळी तेच घेऊ.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे. तिचा प्रश्न असा की कोंबडी, शहामृग, पेंग्विन सगळ्यांना पंख आहेत मग हे उडत का नाहीत. मी म्हटलं वजन जास्त असतं ना त्यांचं. तर म्हणते, मग माळढोक एवढा जड असून कसा उडतो, आणि आजीकडच्या कोंबड्या रात्री आंब्यावर चढून बसतात त्या कशा जातात वर? मी गप्प. काय सांगू तिला? (एक पालक, सांगली)

उत्तर : तुमच्या लेकीनं बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. वजन हे अर्धंच उत्तर आहे आणि बहुतेक ठिकाणी तेवढंच देऊन विषय मिटवतात. आपण कोंबडीपासूनच सुरू करू, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची, कुणाच्या अंगणात तर कुणाच्या पातेल्यात.

अख्खी कोंबडी घरी आणाल तेव्हा (शाकाहारी मंडळींनी एवढा परिच्छेद डोळे मिटून वाचावा) कापायच्या आधी तिच्या छातीवरून बोट फिरवून बघा. मधोमध एक उभी धार लागते, तो छातीच्या हाडाचा कणा. त्याच्या दोन्ही बाजूंना जे जाडजूड मांस असतं, ज्याला दुकानात ब्रेस्ट म्हणतात, ते म्हणजे पंख खाली ओढणारा स्नायू, उडायचं मुख्य इंजिन तेच. तो मोठा तुकडा सुरीनं अलगद सोडवला की त्याच्याखाली एक लांबट निमुळती पट्टी आपोआप वेगळी होते आणि तिच्या टोकाला पांढरी चिवट शीर असते, जी आपण बोटांनी ओढून टाकून देतो. हा दुसरा स्नायू, पंख वर उचलणारा. आता गंमत बघा, पंख वर उचलायचा तर स्नायू पाठीवर हवा ना, पण तो आहे खाली छातीत, आणि ती पांढरी शीर खांद्याच्या हाडांमधल्या एका भोकातून वर जाऊन पंखाच्या हाडाला वरच्या बाजूनं जोडलेली असते, विहिरीच्या कप्पीवरून दोर जातो तशी. खाली ओढलं की पंख वर. त्यामुळे सगळं जड सामान पोटाकडे राहतं आणि पक्षी हवेत कलंडत नाही. इतकं सुबक काम रोज फोडणीत जातं आपल्याकडे.

म्हणजे कोंबडीकडे उडायचं सगळं सामान आहे, आणि ती उडतेही, फक्त लांब नाही. तिचं ब्रेस्ट पांढरं असतं ना, आणि कबुतराचं गडद लालसर. पांढरा स्नायू एकदम जोर लावतो पण पटकन दमतो, लाल स्नायूत रक्त आणि ऑक्सिजन जास्त खेळतो त्यामुळे तो तासन् तास चालतो. कोंबडीचे पूर्वज रानकोंबडे, त्यांचं आयुष्य सगळं जमिनीवर उकरण्यात, कोल्हा किंवा रानमांजर आलं की एकदम फडफडाट करून फांदीवर, एवढंच उडणं त्यांना लागायचं. आजीच्या गावरान कोंबड्या आंब्यावर जातात ते हेच. ब्रॉयलरचं सोडून द्या, त्याला पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर नेतात, छाती फुगते आणि पंख तेवढेच राहतात, तो बिचारा नीट चालूही शकत नाही.

आता वजन. पक्ष्याची लांबी दुप्पट केली तर पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट, त्यामुळे मोठं होत जाल तसं हवेत राहणं अवघड होत जातं ही गोष्ट खरी. माळढोकाचा नर पंधरा किलोच्या घरात जातो, आफ्रिकेतला त्याचा भाऊ कोरी बस्टर्ड त्याहून थोडा जास्त, आणि आजच्या उडणाऱ्या पक्ष्यांची हद्द साधारण तिथेच संपते. (पूर्वी अर्जेंटिनात साठ लाख वर्षांपूर्वी आर्जेंटाव्हिस नावाचा एक पक्षी होता, त्याचं वजन ७० किलोच्या आसपास असावं असा अंदाज आहे, पण तो पंख मारत नव्हता फारसा, गिधाडासारखा तरंगायचा.) शहामृग शंभर-सव्वाशे किलोचं, ते उडणार नाही हे उघडच आहे.

पण मग हे बघा. दक्षिण अटलांटिक समुद्रात इनॅक्सेसिबल नावाचं एक बेट आहे, तिथे पाणकोंबडीच्या कुळातला एक पक्षी राहतो, वजन जेमतेम ४० ग्रॅम, चिमणीपेक्षा जरासा मोठा, आणि तो उडू शकत नाही. उडू न शकणारा जगातला सगळ्यात छोटा पक्षी. इथे वजनाचं कारण चालतच नाही! म्हणजे मोठा झाला म्हणून उडणं गेलं असं नाही, कित्येकदा आधी उडणं गेलं आणि मग मोठं व्हायला मोकळीक मिळाली.

उडणं गेलं का, तर ते महाग आहे म्हणून. उडताना पक्ष्याच्या शरीराचा खर्च बसून राहण्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त होतो. आणि नुसतं उडतानाच नाही, चांगल्या उडणाऱ्या पक्ष्याच्या एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तर त्या छातीच्या स्नायूंचाच असतो, तो नुसता बाळगायचा, पोसायचा, अंड्यातून बाहेर आल्यावर आधी वाढवायचा, याचाही खर्च आहेच. हा खर्च परवडतो कशासाठी, तर शत्रूपासून पळायला, लांबचं खाणं गाठायला, हवामान बदललं की मुक्काम हलवायला. यातलं काहीच लागत नसेल तर? समजा वादळात भरकटून चार पक्षी एखाद्या बेटावर पडले, तिथे मांजर नाही, मुंगूस नाही, उंदीरही नाही, खायला बारा महिने पायाशी. तिथे ज्या पिल्लाचे स्नायू जरा कमी वाढले त्याचं काहीच बिघडत नाही, उलट वाचलेल्या ताकदीत ते जास्त अंडी घालतं. पिढ्यान् पिढ्या हेच चालू राहिलं की संपलं. नॅटली राइट ही पक्षी-संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली बेटांवरच्या पक्ष्यांची मापं प्रसिद्ध केली, त्यात जे पक्षी अजून व्यवस्थित उडतात त्यांचेसुद्धा छातीचे स्नायू मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपेक्षा लहान आणि पाय लांब निघाले, आणि जिथे शत्रू कमी तिथे हा फरक जास्त. म्हणजे बेटावर गेलं की सगळ्यांचीच पावलं त्या दिशेला पडायला लागतात, काही शेवटपर्यंत जातात, काही नाही.

आपल्या तळ्यांत जांभळी पाणकोंबडी असते, लाल चोच, लांब लाल बोटं, पाणवनस्पतींवरून तोऱ्यात चालते, हाकललं तर पाय लोंबकळत ठेवून उडते. तिच्याच कुळातले पक्षी फार पूर्वी न्यूझीलंडला पोचले आणि तिथे त्यांचा झाला ताकाहे, रंगरूप डिट्टो तेच, पण अंगानं थोराड, तीन किलोपर्यंत, आणि उडणं बंद. हा संपला असंच सगळे समजत होते, १९४८ साली जेफ्री ऑर्बेल नावाच्या डॉक्टरला डोंगरात पुन्हा सापडला. पाणकोंबडीच्या कुळात हे असं फार वेळा झालंय, जगभरच्या बेटांवर, आणि त्याचं एक कारण मला फार पटतं. या कुळातल्या पिल्लांचे पाय आधी वाढतात आणि छातीचं हाड आणि पंख उशिरा. म्हणजे नवीन काही बनवायची गरजच नाही, ती उशिराची वाढ थोडी आणखी लांबली की मोठेपणीही पंख पिल्लासारखे राहतात.

गॅलापागोस बेटांवरचा पाणकावळाही असाच. जगात पाणकावळ्यांच्या इतक्या जाती आहेत, त्यातला हा एकटाच न उडणारा. किनाऱ्याजवळच्या थंड पाण्यात मासे भरपूर, जायचं कुठे? त्याचे पंख उडायला जेवढे लागले असते त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे राहिलेत, तरी पाण्यातून बाहेर आला की आपल्या पाणकावळ्यासारखाच खडकावर उभा राहून ते तोकडे पंख पसरून वाळवतो, सवय काही गेलेली नाही. २०१७ साली त्याच्या जीन्सचा, म्हणजे जनुकांचा, अभ्यास झाला तेव्हा हाडांच्या वाढीशी संबंध असलेल्या काही जीन्समध्ये बदल सापडले.

पेंग्विनची केस वेगळी. त्याच्या छातीचं हाड तपासलं तर मधला तो कणा चांगला ठसठशीत आहे, स्नायू दणकट आहेत, कारण तो उडतोच, फक्त पाण्यात. पाणी हवेपेक्षा कितीतरी दाट, तिथे लहान, ताठ, वल्ह्यासारखा पंख लागतो आणि जड भरीव हाडं लागतात म्हणजे बुडी मारता येते. हवेत बरोबर उलटं पाहिजे. दोन्ही जमवायला गेलं की काय होतं ते उत्तरेकडच्या समुद्रातल्या मर नावाच्या पक्ष्यात दिसतं, हा पाण्यातही पोहतो पंखांनी आणि हवेतही उडतो, पण २०१३ साली मोजलं तेव्हा उडताना त्याचा खर्च बसलेल्या वेळेच्या ३१ पट निघाला, मोजलेल्या सगळ्या पक्ष्यांत जास्त. पेंग्विनच्या पूर्वजांनी कधीतरी हवेचा नाद सोडला आणि एम्परर पेंग्विन आज ५०० मीटरच्या खाली बुडी मारतो.

आणि शहामृग? त्याच्या आजूबाजूला सिंह, तरस, चित्ते, म्हणजे शत्रू नव्हते म्हणून उडणं गेलं हे तिथे म्हणता येत नाही. तिथे पायांनी काम भागवलं, ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळतं आणि लाथ अशी की सिंहही विचार करतो. त्याच्या छातीचं हाड सपाट, कणा नाहीच, कारण त्यावर बसवायला स्नायू नाहीत. पिसंही बघा, उडणाऱ्या पक्ष्याच्या पिसात मधल्या दांडीची एक बाजू अरुंद आणि एक रुंद असते आणि पिसाचे धागे बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात म्हणून हवा आरपार जात नाही. कबुतराचं पीस विस्कटून पुन्हा बोटांनी सरळ केलं की ते जसंच्या तसं जुळतं ना, ते त्या आकड्यांमुळे. शहामृगाच्या पिसाला ते आकडेच नाहीत, म्हणून ते मऊ लोंबतं, आणि म्हणूनच टोप्यांवर लावायला लोकांनी त्याला इतकं छळलं.

शहामृग, एमू, किवी, ऱ्हिया हे सगळे एकाच न उडणाऱ्या आजोबांचे वंशज, खंड सरकले आणि हे वेगवेगळे झाले, असं बरीच वर्षं शिकवायचे. डीएनए बघितल्यावर ते गडबडलं. दक्षिण अमेरिकेतला टिनामू नावाचा तितरासारखा पक्षी, जो उडतो, तो वंशवृक्षात बरोबर यांच्या मधोमध निघाला, आणि २०१४ साली कळलं की न्यूझीलंडच्या किवीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे मादागास्करचा नामशेष झालेला महाकाय एलिफंट बर्ड. मध्ये एवढा समुद्र. म्हणजे त्यांचे पूर्वज उडत गेले असणार आणि मग ज्याचं त्यानं वेगवेगळं उडणं सोडलं. तेव्हा लेकीला सांगा, एकच कारण नाही, पण खर्चाचा हिशेब सगळीकडे आहे.

प्रश्न : आमच्याकडे पैज लागलीये. मोर उडतो का नाही? आजोबा म्हणतात एवढा पिसारा घेऊन शक्य नाही. (नाशिक)

उत्तर : उडतो. आजोबांना नमस्कार सांगा आणि पैज वसूल करा. संध्याकाळी मोर उंच झाडावर झोपायला जातात तेव्हा बघा, दोन-चार पावलं पळत येतो आणि धाडकन जवळपास सरळ वर. लांब पल्ला नाही, कोंबडीचाच भाऊबंद तो. आणि पिसारा म्हणजे त्याची शेपटी नव्हे, शेपटीच्या वरची वाढलेली पिसं आहेत ती, खरी शेपटी मागे आखूड तपकिरी असते, नाचताना मागून बघा म्हणजे दिसेल. पावसाळा संपला की तो पिसारा गळूनही जातो, तेव्हा तर आणखी हलका.

प्रश्न : आमचे पणजोबा रत्नागिरीकडून इकडे आले. इथे मॉरिशसमध्ये डोडो सगळीकडे, सरकारी चिन्हावर, मुलांच्या दप्तरावर. पण त्याचा भारताशी काही संबंध होता का? मुलं विचारतात. (एक वाचक, मॉरिशस)

उत्तर : अहो, संबंध म्हणजे चांगला दोन बाजूंनी आहे! एक तर डोडो हा कबुतरच. आज जिवंत असलेल्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे आपल्या निकोबारचं कबूतर, हिरवं-तांबूस चमकणारं, मानेवर लांब पिसांची झालर असलेलं. हे जमिनीवर फिरून बिया खातं आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर सहज उडत जातं. त्याचेच कुणी लांबचे भाऊ कधीतरी तुमच्याकडच्या समुद्रात पोचले, आणि वर सांगितलं तेच झालं, शत्रू नाही, खाणं जमिनीवर, मग उडणं गेलं आणि अंग वाढलं, दहा किलोच्या वर.

दुसरा संबंध सुरतेचा. डच लोक मॉरिशसला १५९८ मध्ये उतरले, त्यानंतर काही डोडो जहाजांतून इकडेतिकडे गेले, आणि पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. तेव्हाचंच, म्हणजे सतराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतलं, एक मुघल चित्र आहे, जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जातं, हल्ली ते रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. डोडोची जी काही रंगीत चित्रं जगात आहेत त्यातलं हे सगळ्यात भरवशाचं समजतात, कारण मन्सूर समोर बघून काढायचा. युरोपातल्या बऱ्याच चित्रांत डोडो नुसता गोल गरगरीत, इथे तो अंगानं बेताचा आणि ताठ मानेचा आहे. मुलांना हे चित्र जरूर दाखवा.

बाकी डोडो मठ्ठ होता म्हणून मेला हे पसरवलेलं आहे. माणसाला न घाबरणं हा मठ्ठपणा नाही, त्यानं माणूस बघितलाच नव्हता. लोकांनी मारले ते मारलेच, पण जहाजांतून उतरलेली डुकरं, माकडं, उंदीर यांनी जमिनीवरची अंडी खाल्ली, आणि डोडो एका वेळी एकच अंडं घालायचा असं मानतात. १६६२ नंतर त्याची खात्रीची नोंद नाही. म्हणजे डच उतरल्यापासून पासष्ट वर्षांच्या आतच शेवटची नोंद.

प्रश्न : आमच्या चाळीसगाव तालुक्यात शहामृगाची अंडी सापडली होती असं मास्तर सांगायचे. खरं की थाप? (चाळीसगाव)

उत्तर : खरं आहे, मास्तर बरोबर होते. पाटणादेवीजवळचं पाटणे गाव, जिथला परिसर आपल्याला भास्कराचार्यांमुळे माहितीय, तिथे एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यांचे केलेले मणी मिळाले आणि एका तुकड्यावर तर आडव्या रेघांमध्ये जाळीसारखं कोरीवकाम होतं. वय साधारण २५ हजार वर्षं. शहामृगाचं कवच दोन मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे कोरायला उत्तम. मध्य प्रदेशात भीमबेटकालाही असे मणी मिळालेत. कुणाला वाटायचं की हे कवच बाहेरून आलं असेल, पण २०१७ साली रुरकीची आयआयटी आणि हैदराबादची सीसीएमबी ही पेशी-जीवशास्त्राची संस्था इथल्या लोकांनी भारतात मिळालेल्या जुन्या कवचांतून डीएनए काढला आणि ते आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळलं. तेव्हा खानदेशात एकेकाळी शहामृग पळत होती हे अगदी खात्रीनं सांगा. आज मात्र भारतात न उडणारा एकही मूळचा पक्षी नाही.

प्रश्न : मधे एमूपालनाचं वेड आलं होतं तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी पाळलेले. त्यांना पंखच नव्हते वाटतं. (बारामतीजवळून)

उत्तर : असतात हो, पिसांत लपलेले. हातानं पिसं बाजूला केलीत तर वीतभराचा काडीसारखा पंख सापडेल आणि त्याच्या टोकाला एक नखी. एमूचं पीस उचलून बघितलंत तर आणखी एक गंमत, एका बुडातून सारख्या लांबीची दोन पिसं निघालेली असतात. शेजाऱ्यांच्या पैशाचं काय झालं ते विचारत नाही, बहुतेकांचं एकच उत्तर असतं. पूर्ण बिनपंखी पक्षी बघायचा तर न्यूझीलंडचा मोआ, त्याच्या सांगाड्यात पंखाचं एकही हाड नाही, पण माओरी लोक तिथे पोचल्यावर दीड-दोनशे वर्षांतच तो संपला.

प्रश्न : शत्रू नाही म्हणून उडणं गेलं, मग शत्रू आल्यावर परत यायला नको का? उत्क्रांती काय एकाच बाजूला चालते? (बी.एस्सी. करतोय, पुणे)

उत्तर : चांगला प्रश्न, पण वेळेचं गणित बघ. सोडताना काही फार करावं लागत नाही, वाढ थोडी मागे पडली की झालं. परत मिळवायचं तर हाडाचा कणा, दोन्ही स्नायू, पिसांची घडण, हाडांचा हलकेपणा हे सगळं बरोबरीनं परत यायला हवं, आणि मधल्या काळातल्या अर्धवट पंखानं शत्रूपासून उडून सुटता येत नाही. त्याला हजारो वर्षं हवीत, मांजर काही तेवढं थांबत नाही. न्यूझीलंडचा काकापो घे, जगातला सगळ्यात वजनदार पोपट, नर चार किलोपर्यंत, निशाचर, आणि पोपटांत एकटाच न उडणारा. तिथे पूर्वी वटवाघळं सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणीच नव्हते, शत्रू म्हणजे वरून येणारे गरुड. म्हणून काकापोची सवय अशी की धोका वाटला की जागच्या जागी दगडासारखं थिजायचं, हिरव्या पिसांमुळे वरून दिसत नाही. गरुडापुढे हे चालायचं, वासावर येणाऱ्या मांजरापुढे आणि मुंगसासारख्या स्टोटपुढे नाही. १९९५ मध्ये मोजून ५१ उरले होते. मग सगळे उचलून शत्रू नसलेल्या छोट्या बेटांवर नेले, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाच्या पाठीवर ट्रान्समीटर, विणीच्या काळात वरचं खाणं, तेव्हा आता कुठे अडीचशेच्या आसपास पोचलेत.

एकूण आकडा बघितलास तर चित्र आणखी वाईट आहे. जगात पक्ष्यांच्या अकरा हजारांच्या घरात जाती, त्यात आज न उडणाऱ्या साठेक. पण माणूस पसरल्यापासून संपलेल्या जातींमध्ये न उडणाऱ्या दीडशेच्या वर आहेत, हा हिशेब २०२० साली मांडला गेला. आपल्याला न उडणं ही विचित्र, अपवादात्मक गोष्ट वाटते ना, ती यामुळे, उदाहरणं आपणच खाऊन टाकली.

पण एक बाजू राहते, आणि ती मला तुझ्या प्रश्नापेक्षाही भारी वाटते. हिंदी महासागरात सेशेल्सचं अल्डाब्रा बेट. मादागास्करकडून पांढऱ्या गळ्याच्या पाणकोंबड्या उडत तिथे गेल्या आणि कालांतरानं उडणं विसरल्या. सुमारे १ लाख ३६ हजार वर्षांपूर्वी समुद्र वर आला आणि अख्खं बेट बुडालं, त्या सगळ्या गेल्या. पुढे पाणी ओसरलं, बेट वर आलं, मादागास्करकडून त्याच पाणकोंबड्या पुन्हा उडत आल्या आणि पुन्हा न उडणाऱ्या झाल्या! ज्युलियन ह्यूम आणि डेव्हिड मार्टिल यांनी बुडण्याआधीची आणि नंतरची हाडं ताडून २०१९ मध्ये हे दाखवलं. तेव्हा परत येतं ते उडणं नाही, न उडणंच परत परत येतं, आणि त्यासाठी मुख्य भूमीवर उडणारे भाऊबंद शिल्लक असावे लागतात. या पाणकोंबड्या अल्डाब्रावर आजही आहेत.

प्रश्न : बाल्कनीत एक काळसर पक्षी पडलाय, लांब कोयत्यासारखे पंख, जखम काही दिसत नाही पण उडत नाहीये, चालताही येत नाही नीट. न उडणारा आहे का काही? काय खायला घालू? (ठाणे)

उत्तर : तुम्हाला फोनवर कळवलंच आहे पण बाकीच्यांनाही उपयोग होईल म्हणून छापतोय. ही पाकोळी, म्हणजे न उडणाऱ्याच्या अगदी विरुद्ध टोक. युरोपात हिच्या एका बहिणीवर छोटी यंत्रं लावून पाहिलं तर काही पक्षी दहा महिने खाली टेकलेच नव्हते, खाणं-झोपणं सगळं हवेत. एवढं उडायचं म्हणून पाय इतके आखूड झालेत की त्यांनी भिंतीला लटकता येतं फक्त, चालता येत नाही, आणि सपाट फरशीवरून पंख मारायला जागाच मिळत नाही.

खायला काही घालू नका, भात, पोळी, दूध तर अजिबात नाही, ती फक्त हवेतले किडे खाते. चोचीत पाणीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड घालून तासभर अंधारात ठेवा, मग दिवसाउजेडी गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात न्या, तळहात सपाट करून त्यावर ठेवा आणि हात डोक्याच्या वर धरा. ती थरथरेल, पंख तापवेल आणि आपण होऊन सुटेल. वर भिरकावू नका, जखमी असेल तर आपटून मरेल. दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, किंवा एक पंख लोंबलेला दिसला, तर पुन्हा खोक्यात ठेवून वनखात्याला किंवा जवळच्या प्राणीमित्र संस्थेला फोन करा. आणि मांजर असेल घरात तर तेवढ्यापुरतं दुसऱ्या खोलीत कोंडा.